गावात कॅमेरे लागले, पण पडदा कोणाच्या घरी?

झाडीपट्टी_चिमूर
१२ एप्रिल, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. दोन वर्षं नुसता वाचतो आहे, धागा आज पहिल्यांदा काढतोय. लांबेल, सांभाळून घ्या.

आमचं गाव चिमूर तालुक्यात, ताडोब्याच्या बफरला (वाघांच्या राखीव जंगलाभोवतीचा पट्टा) लागून. मागच्या दिवाळीनंतर मंडई, म्हणजे आमच्याकडची जत्रा, झाली, अख्खं गाव रात्रभर नाटकाला बसलेलं, आणि त्याच रात्री तीन शेतांतले मोटारपंप गेले. त्याच्या आधी एकाच्या कोठ्यातून सोयाबीनची अकरा पोती गेली होती. ग्रामसभेत ठरलं, कॅमेरे लावा. पंधराव्या वित्त आयोगाच्या अबंधित निधीतून आठ आले. एसटी थांबा, शाळा, किराणा दुकानाचा चौक, टाकी, मारुतीचं देऊळ वगैरे. हात वर करणाऱ्यांत मीही होतो.

जानेवारीत गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बावीस सेकंदांची क्लिप आली. अकरावीतली पोरगी थांब्यावर वर्गातल्या पोराशी बोलते आहे. वही देते, तो घेतो, ती हसते. संपलं. क्लिपखाली कोणीतरी दोन हसरे चेहरे टाकले. आठ दिवसांत तिचं कॉलेज बंद झालं. आता आईसोबत मिरची सातऱ्यावर, मिरच्या खुडायच्या कामाला, जाते. मोटारपंप अजून सापडलेले नाहीत.

क्लिप कुठून गेली, कोणी सांगत नाही. डीव्हीआर (रेकॉर्डिंग साठवणारा डबा) पंचायतीत आहे, पण ॲप किती जणांच्या फोनवर आहे हे ग्रामसेवकांनाही (आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं असतं, सवय जात नाही) माहीत नाही. सरपंचबाईंच्या फोनवर नाही. त्यांच्या यजमानांच्या फोनवर आहे.

आता १ मेच्या ग्रामसभेत आणखी तीन कॅमेऱ्यांचा विषय आहे. त्यातला एक जंगलाकडे जाणाऱ्या पांदणीवर. कारण वाघ. दोन वर्षांपूर्वी माझी मोठी आई, म्हणजे मोठी काकू, त्याच पांदणीच्या टोकाला वाघाच्या तोंडी गेली. तेंदूपत्त्याला गेली होती. म्हणून मला तो कॅमेरा पाहिजे. पण माझ्या घरातल्या बायकांना तो नको आहे. मोहफुलं वेचायला पहाटे चारला त्या तिथूनच जातात, आणि सगळ्यांच्या संडासात पाणी आहे असंही नाही. माझी चुलतबहीण, म्हणजे जिची आई गेली ती, मला म्हणाली, "दादा, वाघ एकदाच खाते. ती क्लिप रोज खाईन."

यावर काय बोलावं मला सुचलं नाही. तुम्ही सांगा.

---

वऱ्हाडी_ठेचा
१२ एप्रिल, रात्री १०:०५

भाऊ, वाईट वाटलं मोठ्या आईचं. पण खरं बोलू का, ज्यानं काही केलं नाई त्याले कॅमेऱ्याचा काऊन भेव? मी अकोल्याकडचा. वावरात सोलरचा कॅमेरा लावला, सिमवाला. कापूस वेचून बैलबंडीत ठेवला का रात्री गायब होत होता. लावल्यावर तिसऱ्याच दिवशी चोट्टा दिसला ना!

---

झाडीपट्टी_चिमूर

मग? पकडला?

---

वऱ्हाडी_ठेचा

सख्ख्या मावसभावाचा पोट्टा निंघाला. आता काय रिपोर्ट देता? मावशीले व्हिडिओ दाखवला, मावशी मलेच बोलली, घरच्यायवर कॅमेरे लावतं का म्हणे. दिवाळीले बोलावलं नाई.

---

पुणे_व्हाया_पुसद
१२ एप्रिल, रात्री ११:३०

विषय चांगला आहे, पण खासगीपणा हा मुळात शहरी शब्द आहे असं मला वाटतं. पुसदला होतो तेव्हा माझ्या घरी कोणती भाजी शिजली हे गल्लीला माहीत असायचं. ओट्यावर बसलेल्या आज्या होत्या, पोलीस पाटील होते, कोतवाल होता. गावात कोणी काही लपवू शकलं आहे का कधी? कॅमेरा ही फक्त नवी आजी.

---

अंगणवाडीताई_धारणी
१३ एप्रिल, सकाळी ७:१०

ही नवी आजी झोपत नाही, मरत नाही आणि तिला उलटून बोलता येत नाही. ओट्यावरची आजी मला पाहायची तेव्हा मीही तिला पाहायची. तिची भानगड मला माहीत, माझी तिला, म्हणून दोघी गप्प. कॅमेऱ्यामागे कोण बसलाय ते त्या पोरीला कुठे दिसलं? आणि आजीने सांगितलेली गोष्ट चार घरं गेली की बदलायची, लोक म्हणायचे म्हातारीला दिसत नाही नीट. क्लिपला तसं म्हणता येत नाही.

दादांच्या बहिणीचं बरोबर आहे. बाकी संध्याकाळी लिहिते, आज आहार वाटप आहे.

---

निवृत्त_वनरक्षक
१३ एप्रिल, दुपारी २:२०

तीस वर्षं नोकरी जंगलात केली, त्यातली शेवटची बरीच कॅमेरे बांधण्यात आणि काढण्यात गेली. थोडा गोंधळ होतो आहे, तो आधी दूर करतो. "वाघाचा कॅमेरा" ही एक वस्तू नाही.

पहिला प्रकार कॅमेरा ट्रॅप. झाडाला गुडघ्याच्या उंचीवर बांधतात, समोरासमोर दोन, म्हणजे वाघाच्या दोन्ही कुशींवरचे पट्टे येतात आणि वाघ ओळखता येतो. समोरून ऊब असलेलं काही हललं की फोटो निघतो. फोटो आत कार्डावर राहतात. कार्ड आम्ही काही दिवसांनी काढायचो. म्हणजे पहाटे चारला वाघ आला हे आम्हाला कळायचं पंधरा-वीस दिवसांनी. याने कोणाचाही जीव वाचत नाही, हा मोजणीसाठी आहे. २०१८ च्या देशभरच्या गणनेत असे २६,८३८ ठिकाणी कॅमेरे होते. फोटो निघाले ३ कोटी ४८ लाखांवर, त्यात वाघाचे ७६,६५१. बाकी काय होतं? हरणं, डुकरं, गुरं. आणि माणसं. आमच्या बीटात (गस्तीच्या हद्दीत) कार्ड उघडलं की आधी बकऱ्या, मग बकऱ्यांमागचा पोरगा, मग लाकडाची मोळी घेतलेल्या बाया, आणि वाघ असला तर शेवटी. गुडघ्याच्या उंचीचा कॅमेरा आणि पहाटेची पांदण, पुढचं मी लिहीत नाही.

दुसरा प्रकार इशारा देणारा कॅमेरा. हा नेटवर्कवर चालतो. फोटो निघाला की संगणक पाहतो, वाघ-बिबट असेल तर लगेच संदेश जातो, भोंगा वाजतो. ताडोब्याच्या बफरमध्ये सीतारामपेठला असा प्रयोग झालेला आहे. जीव वाचवायचा तर हा पाहिजे, आणि तो पांदणीकडे तोंड करून लावायचं काही कारण नाही. वाघ जंगलातून येतो. नाल्याच्या काठावर, तोंड जंगलाकडे, पाठ गावाकडे. दुसरी अट घाला: वाघ नसलेला फोटो जागीच पुसला जाईल, पुढे जाणार नाही. यंत्राला हे सांगता येतं. सांगत कोणी नाही.

एक गोष्ट मात्र कबूल करतो. आमच्याही लोकांनी कार्डावरचे बायांचे फोटो एकमेकांना दाखवून दात काढलेले मी पाहिले आहेत. मी तेव्हा काही बोललो नाही.

---

अंगणवाडीताई_धारणी
१३ एप्रिल, रात्री ८:१५

काका, लिहिलंत हे मोठं काम केलंत.

तुम्ही म्हणता तेच उत्तराखंडात, कॉर्बेट व्याघ्र प्रकल्पाच्या भोवती झालं. केंब्रिजच्या एका संशोधकाने तिथे चौदा महिने राहून २७० लोकांशी बोलून अभ्यास केला, २०२४ मध्ये छापून आला. २०१७ साली तिथे एका स्वमग्न बाईचा शौचाला बसलेला फोटो कॅमेरा ट्रॅपमध्ये आला आणि तात्पुरत्या नोकरीवरच्या पोरांनी तो व्हॉट्सॲपवर, फेसबुकवर फिरवला. गावकऱ्यांनी मग कॅमेरे फोडले. पण माझ्या मनात राहिली ती दुसरी गोष्ट. त्या बाया जंगलात मोठ्याने गात, बोलत जायच्या. मजेसाठीही, आणि आवाजाने जनावर लांब राहतं म्हणूनही. कॅमेरे आल्यावर त्या गप्प चालायला लागल्या, कॅमेरा चुकवायला आणखी आत, अनोळखी वाटेने जायला लागल्या. अभ्यासात बोललेली एक बाई पुढे वाघानेच मारली.

आमच्या कोरकू बायाही गात जातात. मला ते वाचल्यापासून त्यांचा आवाज ऐकला की बरं वाटतं.

आता माझं रडगाणं. जुलै २०२५ पासून घरी नेण्याचा आहार द्यायचा तर पोषण ट्रॅकर या सरकारी ॲपवर बाईचा चेहरा जुळवावा लागतो. आमच्याकडे नेटवर्क डोंगरावरच्या एका मोहाखाली मिळतं. तर आठव्या महिन्याची बाई डोंगर चढते, मी फोन धरते, ती डोळे मिचकावते, चक्र फिरत राहतं. परवा एकीने विचारलं, "ताई, माही तोंड कोठी जाते?" मी म्हटलं दिल्लीला. ती म्हणाली, मी कधी नागपूर नाही पाहिलं अन् माझं तोंड दिल्लीला पोचलं.

---

डीव्हीआर_दादा
१४ एप्रिल, सकाळी ११:००

हिंगणघाटला माझं कॅमेऱ्यांचंच दुकान आहे. शिव्या घालू नका, आधी वाचा.

झाडीपट्टी भाऊ, तुमच्या पंचायतीत जाऊन तीन गोष्टी बघा.

हार्डडिस्क किती टीबीची आहे? दोन मेगापिक्सेलचा एक कॅमेरा साधारण २ एमबीपीएस धरला तर दिवसाला २१-२२ जीबी खातो. आठांचे झाले १७० च्या वर. एक टीबीची डिस्क असेल, आणि पंचायतीच्या कोटेशनात बहुतेक तीच असते, तर सहा दिवसही पुरत नाही. जुनं पुसून त्यावर नवं. चोरी सातव्या दिवशी लक्षात आली तर तुमच्याकडे काहीच नाही. म्हणजे चोर सुटतो आणि पोरीची क्लिप मात्र राहते, कारण ती कोणीतरी फोनवर उतरवून घेतली.

पासवर्ड काय आहे? ॲडमिन आणि १२३४५ असेल तर जगाला उघडं आहे. राजकोटच्या एका प्रसूतिगृहातल्या तपासणीच्या खोलीतले व्हिडिओ फेब्रुवारी २०२५ मध्ये टेलिग्रामवर विकायला निघाले होते ना, तिथला पासवर्ड ॲडमिन१२३ होता. कुलूप फोडावं लागलंच नाही.

तिसरं, ॲपमध्ये 'शेअर' केलेल्यांची यादी असते, ती उघडा. आणि लावून गेलेल्या पोराला विचारा, तुझ्या फोनवरून काढलं का? हे मी का सांगतो? कारण एके काळी माझ्या फोनमध्ये चाळीसेक दुकानं, दोन शाळा आणि एक लॉन होतं. लावताना तपासायला जोडायचो, काढायचं राहून जायचं. एका रात्री झोप येत नव्हती म्हणून एका दुकानाचं उघडलं, तर मालक एकटाच गल्ल्यापाशी बसून रडत होता. दुसऱ्या दिवशी सगळी काढली.

---

वऱ्हाडी_ठेचा

दादा, माह्या वावरातल्याचाही पासवर्ड बदलून द्या बाप्पा. १२३४५ च हाय.

---

डीव्हीआर_दादा

आता तो धाग्यावर टाकलात तुम्ही.

---

राळेगावकर
१४ एप्रिल, दुपारी १:३०

वाघाचं निघालं म्हणून. आमच्याकडे २०१८ ला टी-१ वाघिणीच्या, अवनीच्या मागे काय नव्हतं आलं? कॅमेरा ट्रॅप, ड्रोन, हत्ती, पॅराग्लायडर, वासाने तिला ओढायला परदेशी अत्तराची बाटलीसुद्धा. २ नोव्हेंबरच्या रात्री बोराटीजवळ ती मेली. तोवर तेरा माणसं तिच्या नावावर लागली होती. त्या दिवसांत आम्ही काय करत होतो? दहा-दहा जण मिळून, काठ्या घेऊन, डबे वाजवत वावरात जात होतो. कॅमेऱ्यात दिसणं आणि वाघ अडणं यात लय अंतर आहे. भोंगा वाजल्यावर धावणार कोण, ते आधी ठरवा.

माणूस गेल्यावर सरकार पंचवीस लाख देतं. रात्रीच्या ऐवजी दिवसा वीज दिली असती तर ओलिताला अंधारात कोणी गेलंच नसतं. पण तो वेगळा धागा.

---

बेड्यावरचा
१५ एप्रिल, रात्री १२:१०

मी पारधी. यवतमाळ जिल्ह्यातला बेडा, म्हणजे आमची वस्ती, जास्त सांगत नाही.

पुसदवाले भाऊ म्हणतात खासगीपणा शहरी शब्द आहे. आमच्याकडे तो शब्दच नव्हता, बरोबर. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा आला, आम्ही जन्मतः गुन्हेगार झालो, आज्याला ठाण्यात हजेरी द्यावी लागायची, गाव सोडायला पास लागायचा. १९५२ ला तो कायदा गेला म्हणतात. कायदा गेला, ठाण्यातली वही गेली नाही. आजही दहा कोसांत चोरी झाली की गाडी आधी बेड्यावर येते. कॅमेरे तुमच्या गावात आता आलेत. आमच्यावर नजर दीडशे वर्षं आहे.

आता दुसरी बाजू. तीन वर्षांपूर्वी बाजूच्या गावात बकऱ्या गेल्या, माझ्या भावाला उचलला. तो त्या वेळी दुसऱ्या गावात किराणा घेत होता. पंचायतीच्या कॅमेऱ्यात आला असणार म्हणून आम्ही आठव्या दिवशी गेलो, तर वर दादा म्हणाले तेच, पुसलं गेलं. दुकानदाराचा स्वतःचा एक कॅमेरा होता, त्याच्याकडे महिनाभराचं होतं. त्याने दिलं. भाऊ सुटला. तेव्हा मला कॅमेरा नको असं मी म्हणणार नाही. कॅमेऱ्याने माझा भाऊ वाचवला.

पण ठाण्यात चार दिवस त्याच्यासोबत काय झालं त्याचं फुटेज मागितलं तर म्हणाले यंत्र बंद होतं. जिथं आमचं अंग सुजतं तिथला कॅमेरा नेमका बंद कसा असतो, तेवढं कोणी सांगा.

---

कोर्टाची_पायरी
१५ एप्रिल, सकाळी ९:४५

बेड्यावरचा, ठाण्यातल्या कॅमेऱ्यांबद्दल सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे, परमवीर सिंग सैनी खटला, २ डिसेंबर २०२०. प्रत्येक ठाण्यात कॅमेरे, कोठडी, व्हरांडा, दारं सगळीकडे, आवाजासकट, आणि रेकॉर्डिंग अठरा महिने ठेवायचं. ते जमतच नसेल तर किमान एक वर्ष. पुढच्या वेळी (येऊ नये) अर्ज लगेच, लेखी, तारीख-वेळ घालून द्या आणि पोच घ्या. "यंत्र बंद होतं" हे उत्तरही लेखी मागा.

झाडीपट्टी, तुमच्यासाठी. खासगीपणा मूलभूत हक्क आहे हे नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ ला पुट्टास्वामी निकालात सांगितलं. सरकारला त्यात हात घालायचा तर कायद्याचा आधार हवा, हेतू रास्त हवा आणि उपाय गरजेपुरताच हवा. तुमच्या पंचायतीचं तिसऱ्यावर अडतं. वाघासाठी पांदणीवर माणसांचं चित्रण ही गरजेपेक्षा जास्त गोष्ट आहे.

थांब्यावरच्या क्लिपचं मात्र अवघड आहे, खोटी आशा देत नाही. न्याय संहितेचं कलम ७७ किंवा आयटी कायद्याचं ६६ई हे खासगी कृती, खासगी अवयव यांच्या चित्रणासाठी आहेत. सार्वजनिक थांब्यावर वही देणं त्यात बसत नाही. पांदणीवर आडोशाला बसलेल्या बाईचं चित्रण झालं तर वाद घालता येईल, आणि मी घालेन. २०२३ चा डेटा संरक्षण कायदा आहे, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले, पण मुख्य जबाबदाऱ्या अठरा महिन्यांनी लागू होतात, आणि सरकारला आपल्या यंत्रणा अधिसूचना काढून वगळायची मुभा आहे.

म्हणून तुमचं हत्यार ग्रामसभाच. ठराव लिहून आणा: फुटेज कोण पाहणार, कोणासमोर, किती दिवस ठेवणार, पोलिसांना लेखी मागणीवरच देणार. कोर्टात लागलं तर नव्या साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागतं, फोनवरून फोनवर फिरलेल्या क्लिपला ते मिळवताना घाम फुटतो. म्हणजे ग्रुपवर टाकल्याने चोरही पकडला जात नाही.

आणि ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यावी लागते. बहुतेक गावांत ती वहीतच होते. तुम्ही खरी घ्यायला लावा.

---

पुणे_व्हाया_पुसद
१५ एप्रिल, दुपारी ४:००

बेड्यावरचा, तुमचं वाचून माझी आधीची पोस्ट पुन्हा वाचली. आमच्या गल्लीत आजीला घाबरायचं कारण नव्हतं, कारण ती आमचीच होती. हे लक्षात आलं नव्हतं.

---

धानोरा_रोड
१५ एप्रिल, रात्री ९:२०

गडचिरोलीहून. मेंढा (लेखा) गावाचं नाव ऐकलंच असेल, "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार". २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. तिथे निर्णय सर्वसहमतीने, आणि आधी अभ्यासगटात चघळून चघळून. वेळ लागतो, काही वेळा फार लागतो. हात वर करून पाच मिनिटांत कॅमेरे येत नाहीत तिथे.

---

झाडीपट्टी_चिमूर
३ मे, रात्री १०:५०

मंडळी, उशीर झाला. तेंदूपत्त्याचा हंगाम तोंडावर आहे, आणि घरी थोडी भांडणंही झाली.

महिला सभा ३० एप्रिलला झाली. खरी झाली. मला वाटलं वीस बाया येतील, सभागृहात जागा पुरली नाही. मी बाहेर चपलांजवळ उभा होतो. वनरक्षक काकांची पोस्ट मी छापून बहिणीला दिली होती, तिने ती वाचून दाखवली. "दात काढले" या ओळीला एकदम शांतता. मग एक म्हातारी बोलली, आम्हाले माहीत होतं. बस, एवढंच.

दुसऱ्या दिवशी ग्रामसभेत पांदणीचा कॅमेरा रद्द. त्याऐवजी नाल्यावर इशाऱ्याचा कॅमेरा द्या, तोंड जंगलाकडे, वाघ नसलेला फोटो जागीच पुसायचा, असा ठराव वनविभागाला जाणार आहे. कधी येईल देव जाणे. तोवर राळेगावकरांचं औषध: बाया दहाच्या टोळीने जातात, दोन पोरं डबे घेऊन पुढे. मोठ्याने गात. मी उद्या त्या दोन पोरांत आहे.

फुटेज पाहायचं तर दोन माणसं हजर, त्यातली एक बाई, आणि नोंदवहीत सही, हेही मंजूर झालं. नोंदवही अजून आणलेली नाही. हार्डडिस्क एक टीबीचीच निघाली, दादा. ॲपच्या यादीत चौदा फोन होते. त्यातले तेरा काढले. चौदावा कोणाचा ते तुम्हाला माहीत आहे, ते म्हणतात सरपंचांच्या कामासाठी लागतो.

मुलीच्या वडिलांकडे मी आणि अंगणवाडी सेविका जाऊन आलो. चहा दिला. जूनमध्ये बारावीचा फॉर्म भरायचा का यावर "पाहू" म्हणाले. ती आतून ऐकत होती.

आणि हो, पासवर्ड बदलला. सोळा अक्षरी, दादांनी सांगितला तसा. कोणी विसरू नये म्हणून शिपायाने तो स्केचपेनने पुठ्ठ्यावर लिहून डीव्हीआरला चिकटवला आहे.

---

डीव्हीआर_दादा
३ मे, रात्री ११:०२

पुठ्ठ्याचा फोटो तेवढा इथे टाकू नका.

---

झाडीपट्टी_चिमूर

मी नाही टाकत. पण तो पुठ्ठा चौकाच्या कॅमेऱ्यात खिडकीतून स्पष्ट दिसतो.